किंजळीचा दुसरा काप

ऐका. पण आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. साल कोणतं, हे मी आजवर तीनदा वेगवेगळं सांगितलंय म्हणे. झाड मात्र किंजळीचंच. बहुतेक. नाही, किंजळीचंच.

आपल्या वाडीखालच्या घाटीत ते वादळात पडलं. बरोबर पायवाटेवर आडवं! खोड एवढं जाड की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. आणि तेव्हा दवाखान्यात जायला तीच एक वाट.

न्हानू गावडे आणि बाबी परब ही लाकूडतोड्यांची जोडी. फांद्या तोडून बाजूला करण्यातच त्यांचा बराच दिवस गेला, खोडाला कसाबसा एक काप पुरा झाला. दुसरा दिला की मधला ओंडका उतारावरून खाली, वाट मोकळी. पण अंधार पडला. "रवांदे आता, सकाळी येवया," म्हणून बाबी डोंगरापलीकडे आपल्या घरी गेला.

आणि त्याच रात्री न्हानूच्या बायकोला, द्वारकाला, कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल अडलंय, हिला खाली न्यायलाच हवी. माणसं डोली बांधायला लागली. पण त्या खोडावरून डोली न्यायची कशी? न्हानूनं कंदील उचलला, करवत खांद्यावर टाकली. एकटा निघाला.

आता दोन माणसांची करवत एकट्यानं कशी चालवायची? ऐका, हे कामाचं आहे. पलीकडची मूठ काढून टाकायची, नाहीतर ते टोक हेलकावतं. पात्याला रॉकेल चोळायचं, म्हणजे चीक धरत नाही. पातं आत गेलं की कापात वरून पाचर ठोकायची, नाहीतर लाकूड मिटतं आणि करवत अडकते. आणि नेहमी चढाच्या बाजूला उभं राहायचं. दोघे असले तर शेवटी शेवटी खालचा माणूससुद्धा वर येतो. का? ओंडका कुणाची ओळख ठेवत नाही!

न्हानूनं हे सगळं केलं. मूठ कमरेला खोवली. पाचर ठोकली. मग पाच-सहा हात मारले असतील, आणि करवत एकदम हलकी झाली! पलीकडून कुणीतरी ओढतंय. लयीत. हा ओढतो, ते ओढतं. न्हानूला बरं वाटलं.

"बाबी? इलंस रे?"

"इलंय."

"बायल सोडता काय तुका रात्रीची?"

"निजली ती."

"बरां झाला. तुझ्या घोरण्यातून सुटली!"

हसू नका. तोही हसला होता, त्यानंच मला सांगितलं.

जरा वेळानं पलीकडून आवाज आला, "पाचर काढ रे. कशाक होयी ती?"

न्हानू चपापला. पाचरीशिवाय बाबी करवतीला हात लावत नसे. याचा हात कमरेला गेला. पलीकडची मूठ तिथंच होती! म्हणजे पलीकडे धरायला काही नव्हतंच. नुसतं पातं, नुसते दाते. ते कुणाच्या हातात?

तुम्ही पळाला असता. मी तर नक्कीच. मी उंदराला भितो. न्हानू पळाला नाही. मागे द्वारका होती. तो मनात म्हणाला, ओढतोस ना? मग ओढ! आणि तोंड मिटून करवत मारत राहिला. ते ओढतंय, हा ओढतोय, भुसा नुसता उडतोय!

मग ते रागावलं. करवत उलटी ढकलायला लागलं. पातं वाकलं, कण्हायला लागलं. कंदील विझला. हा ओढतोच आहे, ओढतोच आहे. बोटभर लाकूड उरलं. आणि उताराच्या बाजूनं, अगदी जवळून, द्वारकाचा आवाज. रडवेला.

"मी हयसर पडलंय. माका उचल."

त्याच्या हातातून करवत सुटली. एक पाय खोडावरून पलीकडे गेला. पलीकडे! उताराच्या बाजूला!

"न्हानू, हात दे रे!"

तो जागीच थिजला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. द्वारकानं नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्यानं पाय मागे ओढला, आणि खोड कडाडलं! ओंडका सुटला. गडगडत खाली, खाली, पार ओढ्यापर्यंत. त्याच्या मागोमाग कुणी हसलं की रडलं, ते न्हानूला सांगता आलं नाही. मीही पदरचं घालणार नाही.

वाट मोकळी झाली. डोली गेली. उजाडता मुलगी झाली. तीच आपली कुमुदबाई, शाळेत तुम्हाला गणित शिकवते. भुतापेक्षा तुम्ही तिलाच जास्त भिता, ठाऊक आहे मला! तरीपण अंधार पडल्यावर त्या घाटीनं जायचं नाही. डांबरी रस्ता लांब पडला तरी चालेल.

मी शिकलेला माणूस. माझा या गोष्टीवर विश्वास बसेना, आणि अविश्वासही टिकेना. म्हणून पुष्कळ वर्षांनी मी न्हानूला तीच करवत घेऊन, तेवढ्याच जाडीची किंजळ, भर दिवसा एकट्यानं कापायला लावली. समोर घड्याळ घेऊन बसलो. चार तास वीस मिनिटं लागली. वयामुळे लागला असेल म्हणून एक तास वजा करा. सुईण तेव्हा हयात होती, तिला जाऊन विचारलं. तिनं सांगितलं, न्हानू निघाला तेव्हा मी चुलीवर पेज ठेवली होती. तो परत आला तेव्हा तांदूळ अजून शिजायचे होते.