धुक्यासाठी दिवा

हॉर्न दुरुस्तीला टाकून जीवन द्वारका चौकातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात बाकड्यावर टेकला होता. काउंटरपाशी इगतपुरीकडचं एक जोडपं जीपला जादा दिवे बघत होतं.

“पांढरा लांब मारतो,” दुकानदार म्हणाला, “पण धुक्यात पिवळाच घ्या. आजवर कसं भागवलं?”

“ही पुढं चालायची ना,” नवरा म्हणाला. “खांद्यावर पांढरा टावेल टाकून. मी टावेल बघत बघत जीप घ्यायचो.”

“पिवळाच द्या,” बायको म्हणाली.

“किती देऊ?”

“एक बास,” नवरा म्हणाला. “ही तरी एकटीच असायची.”

“दोन द्या. एकटीला लय भीती वाटायची.”

“मंग कधी बोलली नाय तू?” नवरा म्हणाला.

“हाका मारायची. तुमी काच लावून बसायचे.”