बोंबलाची हद्द

इस्वास ठेवशील तर तूच येडी, पन ऐक. आमच्या ग्रामपंचायतीचे वॉर्ड नव्यानं पाडले. तलाठ्यानं कागदावर लिवलं, बोंबील वाळवायच्या बांबूंपर्यंत एक नंबर, पुढं दोन नंबर. माजं घर बांबूंच्या पुढं, आन पान्याचा नल मंजूर झाला एक नंबराला.

मी हरकत घेतली. पालघरवरनं सायेब तपासायला येनार कळलं, तशी सकाळीच मी आन जाऊबाईनं बांबू उपटले, माज्या घराच्या पलीकडं रोवले, वर ओले बोंबील टांगले.

सायेब नाकाला रुमाल लावून लांबच उभा. म्हनाला, "बाई, हे बांबू कायम इथंच असतात?"

"मंग काय सायेब, बोंबील चालत जातात काय?"

"पण कागदात तुमचं घर बांबूंच्या पुढं आहे."

"कागद चुकला आसंल. तुमी जवळ येऊन मोजा की."

जवळ येतोय कसला. तिथनंच लिवलं, 'समक्ष पाहणी केली, घर एक नंबरात.'

नल माज्या दारात लागला. बोंबील माजे, आन बोंबलत बसले दोन नंबरवाले.

ह्या कपातल्या च्यात त्याच नलाचं पानी हाय. प्यालीस ना? मंग नीघ आता.