बाटलीतलं चांगलं पाणी

सन्माननीय अध्यक्ष सहादेवराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आपल्या जंतूंच्या लॅबच्या प्रमुख आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती डॉ. विजयमाला मॅडम, माझ्या सिस्टर, मावश्या, आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासाने अस्वस्थ झालेले आमचे डॉक्टर लोक, सर्वांना नमस्कार. मी सुरेखा, आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. थोडक्यात बोला असं मला बजावलंय, पण मॅडमबद्दल थोडक्यात बोलणं मला जमणार नाही.

सोनईच्या रोशनबी न्यूमोनियाने आमच्याकडे आल्या. घशाला छेद देऊन नळी बसवावी लागली, त्यामुळे आवाज बंद. आधीचा न्यूमोनिया बरा झाला आणि आमच्याच वॉर्डातल्या जंतूंनी त्यांना धरलं. अँटिबायोटिक दिलं की ताप उतरायचा, थांबवलं की परत चढायचा. त्यांचे मालक खाजाभाई रोज दारात उभे. म्हणायचे, "सिस्टर, हिचा आवाज ऐकून लई दिस झाले. घरात भांडायलाबी कोनी न्हाई." हसत म्हणायचे, पण डोळे भरलेले असायचे.

गंमत अशी की मॅडमच्या लॅबमध्ये तेच जंतू त्याच औषधाने मरत होते. मग रोशनबींच्या घशात का मरत नव्हते? डॉक्टर आणखी जालीम औषधाचा विचार करत होते. मॅडम मात्र तडक वॉर्डात आल्या, हातमोजे चढवले आणि ऑक्सिजनला ओल देणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बोट फिरवलं. आतून बुळबुळीत. टाकी बरेच दिवस घासली नाही की हाताला लागते ना, तसंच. म्हणाल्या, "सुरेखा, सुटे जंतू औषधाने मरतात. इथे त्यांनी बुळबुळीत घर बांधलंय. असंच घर त्या घशातल्या नळीतही असणार. औषध आतल्यांपर्यंत पोचतच नाही."

पण बाटली अशी झाली कशी? तर आमच्या गोजरबाई मावशी. त्या जामखेडकडच्या. बाटली अर्धी झाली की वरून भर घालायच्या, उरलेलं कधी ओतायच्या नाहीत. विचारलं तर कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मॅडम, चांगलं पानी हाय ते. वतून द्यायचं? टँकरची वाट बघन्यात जलम गेला आमचा."

आता सांगा, या बाईला कुणी कसं रागवायचं? मॅडमही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, मीही जामखेडचीच. पाणी ओतताना माझाही हात अडतो." आणि बाटली उचलून सिंकमध्ये रिकामी केली. मला अजून तो आवाज आठवतो. गोजरबाईंनी तोंड फिरवलं होतं.

मग नळी बदलली. बाटल्या रिकाम्या करायच्या, धुऊन निर्जंतुक करायच्या, पार कोरड्या करायच्या आणि मगच नवं निर्जंतुक पाणी, हा वॉर्डाचा नियम झाला. आणि मंडळी, औषध कोणतं दिलं? तेच, जुनं. ताप उतरला तो परत फिरकला नाही, आणि पुढे घशातली नळीही निघाली. तापाच्या तक्त्यावरची रेघ सरळ राहिली त्या सकाळी आम्ही वॉर्डात अक्षरशः नाचलो, मॅडमसुद्धा. मॅडम, नाही म्हणू नका, साक्षीदार आहेत.

परवा एका नव्या सिस्टरने अर्ध्या बाटलीत पाणी घालायला घेतलं, तर गोजरबाईंनी तिचा हात धरला. "आदी वत. जीव तुटतो पानी वतायला, पर वत." मॅडम, तुम्ही निर्धास्त जा. लॅबमध्ये तुमच्यावाचून करमणार नाही, हे मात्र खरं.

संयोजकांचे आभार, आणि वेळ खाऊ दिल्याबद्दल अध्यक्षांचे जरा जास्तच आभार. उत्साहात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर वॉर्डातली सिस्टर म्हणून पोटात घाला. मी थांबते, कारण दुसऱ्या रांगेतून एक बाई मघापासून हात वर करतायत आणि मॅडमशी त्यांना स्वतः बोलायचंय. रोशनबी, या, माईक घ्या. खाजाभाई, आता ऐकायची पाळी तुमची.