कादंबरीतलं रडणं

श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर आवडाबाई बोर्लीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक तरुण बाई स्वतः लिहिलेली कादंबरी आपल्या आईला वाचून दाखवत होती.

“‘मुलीला आजीकडे ठेवून आई मुंबईला निघाली. मुलगी रडत राहिली. आईनं मागे वळून पाहिलं नाही.’”

“ही मीच ना गं, रुचिता?”

“हो, आई. राग आला?”

“न्हाय. पण मी पुढच्याच थांब्यावर उतरले व्हते. चालत परत आले.”

“परत? मला कसं आठवत नाही?”

“कुंपणाबाहेरच उभी राहिले. तू आजीच्या मांडीवर बसून भात खात व्हतीस. हसत व्हतीस.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“हाक मारली असती तर पुन्हा निघता आलं नसतं. सकाळी कामावर हजर व्हायचं व्हतं.”

बोर्लीची गाडी लागली. आवडाबाई उठल्या नाहीत.

“मग तू परत आलीस, ते लिहू?”

“माझं राहू दे. मला कशीबी लिही. तू रडत राहिलीस, तेवढं खोड. मुंबईतली सगळी वर्षं मी तुझ्या त्या हसण्यावर काढली.”