चढावरची नोंदणी

(शिकाऊ गाडी चढाच्या मध्यावर बंद पडली आहे. स्टिअरिंगवर सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम. त्यांच्या पायाशीही एक जादा ब्रेक आहे.)

मॅडम: क्लच, सिस्टर. डावा पाय. तुमचा डावा, माझा नव्हे.

सिस्टर: सोडला ना हळूच.

मॅडम: हळूच? दार आपटावं तसा सोडलात. पाचव्यांदा बंद पडली. हँडब्रेक ओढा आणि मागच्यांना पुढे जाऊ द्या.

सिस्टर: ते काका मला हात जोडून गेले.

मॅडम: मला सवय आहे. अंग आखडू नका. खांदे खाली, श्वास सोडा, दोन मिनिटांचं काम आहे.

सिस्टर: मॅडम, हे मी रोज बोलते. शब्द न् शब्द हेच.

मॅडम: कुठे?

सिस्टर: तपासणीच्या खोलीत. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करतो ना आम्ही, तिथे. खांदे खाली, श्वास सोडा, दोन मिनिटांचं काम. आणि आमच्या यादीत एक बाई आहेत. आज सकाळी तिसरा मेसेज गेला, नोंदणीचा पत्ता नाही. पत्त्याच्या जागी लिहिलंय, ड्रायव्हिंग स्कूल.

मॅडम: गाडी सुरू करा.

सिस्टर: तुम्हीच ना त्या?

मॅडम: शुक्रवारी तुमची लायसन्सची परीक्षा आहे. समोर बघा.

सिस्टर: समोर चढ आहे, तो काही कुठे पळत नाही. आपण सौदा करू या. तुम्ही आत्ता नोंदणी करा, मी गाडी चढवून दाखवते.

मॅडम: आणि नाही चढली तर?

सिस्टर: तरी तुमची नोंदणी झालेली असेल.

मॅडम: हा कसला सौदा? दोन्हीकडून मीच अडकले. शिवाय माझ्या गाडीत मोबाईल चालत नाही. नियम आहे.

सिस्टर: चालवणाऱ्याला. तुम्ही कुठे चालवताय? काढा फोन.

मॅडम: चष्मा नाही आणला.

सिस्टर: डोक्यावर आहे.

मॅडम: हं. कुठे जायचं यात? उघडलं. बाई गं, केवढे ते रकाने. नाव टाकलं. वय टाकते, बेचाळीस.

सिस्टर: गाडीच्या दारावर काय रंगवलंय? अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. म्हणजे चौदाव्या वर्षी शिकवत होतात?

मॅडम: अनुभव वाढवून लिहिलाय.

सिस्टर: मॅडम.

मॅडम: एकावन्न. हसू नका एवढ्या, गाडी हलतेय.

सिस्टर: पुढे पाळीचं विचारतील.

मॅडम: दोन वर्षं झाली बंद होऊन.

सिस्टर: मग तर झकास. बाकीच्या बायका तेच सांगतात, नेमक्या त्याच तारखा आल्या म्हणून. तुम्हाला कुठलीही तारीख चालेल.

मॅडम: एकही पळवाट ठेवू नका माझ्यासाठी. पुढे काय? यापूर्वी तपासणी केली आहे का. नाही.

सिस्टर: एकदाही?

मॅडम: अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगतेय, आरशात बघा, मागे बघा, बाजूला बघा. स्वतःकडे बघायचं राहिलं. पुढचं बटण दाबलं. ओटीपी पाठवला म्हणतंय, आला कुठे?

सिस्टर: नंबर कुणाचा दिलाय?

मॅडम: अरे देवा. स्कूलचा म्हणून ह्यांचा नंबर आहे सगळीकडे. घ्या, आलाच ह्यांचा फोन. स्पीकरवर टाकते, आकडे लिहायला हात मोकळे हवेत.

नवरा: अगं, सहा आकडे आलेत. वाचू का?

मॅडम: हळू वाचा. दुकानात कोण आहे?

नवरा: चार गिऱ्हाइकं. सगळ्यांची घड्याळं एकाच दिवशी बंद पडलीत. पण ही नोंदणी कसली?

मॅडम: गाडीच्या विम्याची.

नवरा: इथे तर लिहिलंय, महिला आरोग्य तपासणी.

मॅडम: विम्याला लागते ती.

नवरा: गाडीला?

सिस्टर: काका, नमस्कार. मी सिस्टर. विमा वगैरे काही नाही, तपासणीचीच नोंदणी आहे.

नवरा: तुम्हीच का त्या, चढावर गाडी बंद पाडणाऱ्या?

सिस्टर: घरी सांगतात का मॅडम?

नवरा: रोज जेवताना. सिस्टर, तुम्ही गाडी पन्नास वेळा बंद पाडा, पण हिला सोडू नका. तिन्ही मेसेज मी हिला वाचून दाखवले. तिन्ही वेळा एकच उत्तर, पुढच्या महिन्यात. हिची थोरली बहीण अगदी असंच म्हणायची.

मॅडम: अहो, गिऱ्हाइकं ऐकतायत.

नवरा: ऐकू देत. मला भीती वाटते गं. म्हणून परत विचारायलाही धजावत नव्हतो. घे, लिही. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. आणि इथे एक काकू विचारतायत, त्यांना मिळेल का नोंदणी करायला?

सिस्टर: मिळेल की. दवाखान्यात फोन करा म्हणावं, माझं नाव सांगा.

नवरा: एक आजोबाही विचारतायत.

सिस्टर: त्यांना नाही म्हणावं, काका.

नवरा: तसं सांगतो. ते जरा हिरमुसलेत. ठेवतो.

मॅडम: झालं. आता अख्ख्या बाजारात बातमी. हसा, हसा पोट धरून, पण पाय क्लचवरून काढा.

सिस्टर: थांबा, डोळे पुसते. आजोबा हिरमुसले म्हणे.

मॅडम: आमच्या दुकानात फुकट काही मिळतंय असं कळलं की त्यांना हवंच असतं.

सिस्टर: मॅडम, बहिणीचं काय झालं?

मॅडम: अक्का शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश एवढे उरकू देत, मग जाते म्हणायची. एका शाळेचे उरकले की दुसऱ्या शाळेचे यायचे. तपासायला गेली तेव्हा उशीर झाला होता. तिला जाऊन तीन वर्षं होतील आता.

सिस्टर: मग तर तुम्ही पहिल्याच मेसेजला यायला हवं होतं.

मॅडम: सगळ्यांना तसंच वाटतं. माझं उलट झालं. जोवर तपासलं नाही, तोवर मी धडधाकट आहे ना. एक खरं सांगा, दुखतं का?

सिस्टर: अवघडल्यासारखं होतं, थोडं टोचतंही कुणाकुणाला. पडदा असतो, अंगावर चादर असते आणि मी असते. काही निघालंच, तरी बहुतेकदा इतक्या आधी कळतं की उपाय करता येतो. त्यासाठीच मागे लागतो आम्ही.

मॅडम: आणि तिथे माझ्या पायाशी ब्रेक असेल?

सिस्टर: असेल. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबणार. का म्हणून विचारणारसुद्धा नाही.

मॅडम: तुमच्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा होय? तासभर बघतेय मी तो.

सिस्टर: तिथे क्लच नसतो ना, मॅडम. तारीख बघा.

मॅडम: गुरुवार, साडेदहा. त्या दिवशी साडेनऊला तुमचाच क्लास आहे.

सिस्टर: मग क्लास दवाखान्याच्या दारात संपवू. मीच चालवत नेते तुम्हाला.

मॅडम: म्हणजे पोचेपर्यंत तपासणीची भीती कुठल्या कुठे जाईल. हे आलं हिरवं बटण. निश्चित करा.

सिस्टर: दाबा.

मॅडम: आधी चढ.

सिस्टर: आधी बटण.

मॅडम: बरं, एकदमच. तुम्ही क्लच सोडा, मी बटण दाबते.

सिस्टर: चालेल. पण आधी तुमचा पाय काढा ब्रेकवरून.

मॅडम: माझा पाय कुठे आहे ब्रेकवर?

सिस्टर: खाली बघा. मी क्लच सोडते आणि तुम्ही ब्रेक दाबता. पाचही वेळा. मग बिचारी गाडी काय करणार?

मॅडम: अगं बाई. खरंच की. आणि मी तासभर तुम्हाला झापतेय. सकाळी ह्यांनी तो मेसेज वाचून दाखवला, तेव्हापासून दाबूनच धरलाय बहुतेक.

सिस्टर: मला वाटलं, शिकवायची पद्धत असेल.

मॅडम: काढला. पार मागे घेतला. चला आता. किल्ली फिरवा. क्लच अर्ध्यावर आणा, गाडी थरथरली? तिथेच ठेवा. रेस द्या, अजून थोडी. हँडब्रेक सोडा. घाबरू नका, मागे जात नाही. खांदे खाली.

सिस्टर: श्वास सोडा.

मॅडम: दोघीही सोडू. चालली. सिस्टर, चालली बघा.

सिस्टर: चढतेय, मॅडम. तो विजेचा खांब मागे पडला. बटण दाबलं का?

मॅडम: समोर बघा.

सिस्टर: सौदा ठरलाय आपला.

मॅडम: दाबलं. तुम्ही हँडब्रेक सोडलात त्याच्या आधीच.

सिस्टर: मग बोलला का नाहीत?

मॅडम: टाळी द्यायला स्टिअरिंग सोडलं असतंत. आता वर सपाटीवर बाजूला घ्या. इंडिकेटर. तो वायपर झाला. असू दे, थांबा इथेच. ह्यांचा फोन आहे.

नवरा: अगं, तुझा मेसेज आलाय. तारीख मिळाल्याचा. वाचू का?

मॅडम: गिऱ्हाइकं गेली?

नवरा: कुठली जातायत. चौघंही थांबलीत, काय होतंय बघायला. हळूच वाचतो.

मॅडम: नको. मोठ्याने वाचा.