हात माझा, लय सगळ्यांची

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या संगीत विद्यालयाचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती गिटारचे सर, त्यांची लेक, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी आणि त्यांना ओढून-ताणून क्लासला आणणारे पालकहो, आपणा सर्वांना नमस्कार.

मी इथे गाणं शिकवते. गाणाऱ्या बाईच्या हाती माइक गेला की तो लवकर परत येत नाही, हे अध्यक्षबाई जाणतात. म्हणूनच त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. ते मी पाहिलंय, बाई.

सरांची आणि माझी खोली शेजारी-शेजारी. मधे एक पातळ भिंत. त्या भिंतीतून वर्षानुवर्षं एकच जप ऐकू यायचा, "खाली, वर, खाली, वर." गिटारची तार पिकनं, म्हणजे चिमटीत धरायच्या छोट्या पत्तीनं, एकदा खालच्या दिशेनं छेडायची, एकदा वरच्या. ठोक्यावर खाली, दोन ठोक्यांच्या मधे वर. मुलांनी त्यांचं नावच 'खालीवर सर' पाडलं. ते कानावर आलं तेव्हा सर म्हणाले, "बरं झालं. निदान नाव तरी तालात घेतात."

आपले दातांचे डॉक्टर समोर बसले आहेत, त्यांना आठवत असेल. आल्या दिवशी त्यांनी मागणी केली होती, "सर, मला वेग हवाय." सर म्हणाले, "आधी वेळेवर या, मग लवकर या." डॉक्टरांची बोटं तरबेज, पण एका तारेवरून दुसरीवर जाताना दरवेळी उशीर. सरांनी त्यांची पिकवरची घट्ट मूठ सैल केली, पिकचं जेमतेम टोक बाहेर ठेवलं आणि सांगितलं, "तार बदलली की तुमचं मनगट दचकतं. तार चुकली तर चुकू द्या, हात झुलायचा थांबवू नका. छेडायचं नसेल तेव्हाही तो खाली-वर जात राहिला पाहिजे." डॉक्टर महिनाभर नुसता हात झुलवत होते. पेशंट घाबरले असतील, पण लय सुधारली.

दोन वर्षांपूर्वी भिंतीपलीकडचा आवाज बदलला. "खाली... खाली... खाली..." मी चेष्टेनं विचारलं, "काय सर, 'वर' कुठे हरवलं?" तेही हसले. "नवी पद्धत काढलीय, बाई." पण बोलताना उजवा हात त्यांनी खिशातून बाहेर काढला नाही. मग स्वतःच म्हणाले, "वरचा फटका अडकतो हो. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे."

"चहा घेता का," मी विचारलं.

त्यानंतर हा माणूस आपल्याच हाताचा विद्यार्थी झाला. पातळ पिक निसटायला लागली, तर जाड घेतली. एकाआड एक फटके जमेनात, तर सगळे खालचे. तेही मागे पडायला लागले, तेव्हा पिक ठेवून दिली आणि अंगठ्यानं छेडायला लागले. दरवेळी सूर कमी व्हायचे. जे उरत, ते मात्र ठोक्यावर पडत.

त्यांची लेक इथेच ड्रम शिकवते. दर वार्षिक कार्यक्रमात बापलेक एक रचना वाजवायचे, सरांनीच बांधलेली, चांगली धावती. गेल्या वर्षी त्यांच्या तालमीला मी बसले होते. वाजवता वाजवता सर थांबले.

"लय कुठे चाललीय?"

"कुठे काय, बाबा?"

"ओढतेयस तू. मागे."

पोरीनं काठ्या मांडीवर ठेवल्या. "तुझ्या हाताबरोबर जातेय."

"हात माझा आहे. लय सगळ्यांची आहे. ती माझ्यासाठी ओढायची नाही."

"मग तू वाजवणार कसा?"

"ते माझ्यावर सोड. पुन्हा घे."

ती डोळे पुसत बसली. पुसून झाल्यावर तिनं मूळ लयीत सुरुवात केली. कार्यक्रमात तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच. प्रत्येक आवर्तनाला सरांनी फक्त पहिला ठोका घेतला, अंगठ्यानं. एक फटका, मग वाट पाहणं, मग पुन्हा एक. एकदाही चुकला नाही. तुम्हाला वाटलं असेल, काय संयमी वादन आहे! त्यांच्याजवळ तेवढंच शिल्लक होतं.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या खोलीत माझ्यासमोरच पोर म्हणाली, "मी हळू वाजवलं असतं ना बाबा, तर अजून एक-दोन वर्षं चाललं असतं."

सर म्हणाले, "तू हळू वाजवत गेलीस, तर थांबायचं कधी हे मला कोण सांगणार?"

या हिवाळ्यात तो पहिला ठोकाही मागे पडायला लागला. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच अध्यक्षबाईंकडे जाऊन आजचा निरोपाचा दिवस मागून घेतला. परवा ते भिंतीवरची गिटार काढायला आले होते. हुकातून पट्टा निघेना. मी पुढे झाले, तर म्हणाले, "थांबा, निघेल." मी थांबले. बराच वेळ लागला. निघाला.

सर, भिंतीपलीकडे आता नवे शिक्षक येतील, चांगलेच असतील. पण मला रियाज करताना लय पकडायला तुमच्या भिंतीचा आधार होता, तो उद्यापासून नाही. निरोपाच्या भाषणात शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या मी तुम्हाला चहाबरोबर देईन.

आता त्यांची लेक तीच रचना वाजवेल, मूळ लयीत, एकटी. गिटारची जागा मोकळी राहील. तशी सरांची इच्छा आहे. एक विनंती. कृपया टाळ्यांचा ठेका धरू नका. एवढ्या मोठ्या सभागृहात टाळी उशिरा पोचते आणि पोरीची लय हलते. आज ती हलता कामा नये. तिचा बाप ऐकतोय.

अध्यक्षबाईंनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलताना कुठे मागेपुढे झालं असेल, तर सांभाळून घ्या.

ये गं पोरी. बस.