उजवीकडचं सफरचंद

...आणि वर मलाच म्हणतो, 'बाबा, तुमच्या टीव्हीचा रंग गेलाय!' अहो, पंचाहत्तर इंची टीव्ही! पोरानंच पाठवला, तो राहतो त्या सुवॉनहून, दोन माणसं आली होती इथे आमच्या आनदोंगच्या घरी तो भिंतीवर चढवायला, सोबत चार स्पीकर, त्यातला एक तर माझ्या पाठीमागे लावलाय, का, तर म्हणे आवाज मागूनही यायला हवा... मागून! ही गेल्यापासून दोन वर्षं माझ्या घरात पुढून आवाज येत नाही, आणि हे मागून आणतायत! पण ते जाऊ द्या, मी रंगाचं सांगत होतो. रंगाचं काही खरं नाही, तुम्हाला सांगतो.

तर हा टीव्ही आला कशासाठी? मी ग्वाक घराण्यातला थोरला. चाळीस वर्षं चुसोकच्या, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाच्या, सकाळी पितरांच्या नैवेद्याची मांडणी माझ्या घरात, सत्तावीस माणसं, दारात चपला मावत नसत. आता आमचा मुलगा जेसोप म्हणतो, 'बाबा, तुमचे गुडघे दुखतात, सणाच्या दिवशी रस्त्यात दहा तास जातात, त्यापेक्षा मांडणी आमच्याकडे करू, तुम्ही टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून बघा, अगदी समोर बसल्यासारखं वाटेल!' बरं, मीच येतो म्हटलं, तर 'नको हो बाबा, गाडीला काय गर्दी असते...' समोर बसल्यासारखं वाटेल! अरे, समोर बसल्यासारखं वाटायला समोर बसावं लागतं, एवढी साधी गोष्ट... असो.

चुसोक उजाडला. मी सात वाजता लांब पांढरा झगा चढवून टीव्हीसमोर हजर. आता आमच्यात नियम काय? लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. म्हणजे सफरचंद आपल्या उजव्या हाताला, नाशपाती, साल पिवळी पण आतून पांढरी म्हणून, डाव्या. आमची ही चाळीस वर्षं डोळे मिटून मांडायची. आणि आता पितरांत तीही, त्या फळांसमोर हिच्याच नावाचा कागद असतो, मग चूक करून चालेल का? आणि बघतो तर काय, उजवीकडे पिवळं! डावीकडे हिरवं! मी ओरडलो, 'अरे, नाशपाती उजवीकडे? आणि हे हिरवं काय, काकड्या आणल्यात की हल्लीच्या फॅशनची सफरचंदं? आधी अदलाबदल करा!' जेसोप म्हणतो, 'पण बाबा...' 'पण नाही नि बिण नाही!' सूनबाई मागून हळूच म्हणाली, 'अहो, करा ना ते म्हणतात तसं, सूप गार होतंय.' केली अदलाबदल. नातीनं, दाओननं, फोटोसुद्धा काढला. 'आजोबा, आता बरोबर?' 'आता बरोबर!'

तेवढ्यात जेसोपचं तोंड जवळ आलं... पिवळंधम्मक! म्हटलं, 'अरे पोरा, तुला कावीळ झालीय!' आणि नीट बघतो तर सूनबाईला झालीय, नातीला झालीय, मागच्या भिंतीलासुद्धा झालीय! तेव्हा कुठे कळलं, खोट टीव्हीत आहे. रंगाचं काही खरं नाही, तुम्हाला सांगतो.

मग जेसोपनं माणूस पाठवला. भला माणूस हो, ओ नावाचा. पडद्यावर कसलंसं यंत्र टांगलं, एकदा सगळं लाल, एकदा सगळं हिरवं, एकदा निळं, दोन तास माप घेत बसला. मी नाशपाती सोलून दिली, ती खाल्ली. मग मला विचारतो, 'आजोबा, रंगाचं बटण दाबून कुणी ठेवलं होतं?' म्हटलं, 'घरात मी आणि टीव्ही. मी तर नाही दाबलं!' आता त्याला काय सांगू, की आतल्या खोलीत दोन उशा आहेत म्हणून मी सोफ्यावरच झोपतो, टीव्ही चालू ठेवून, आणि रिमोट कोपराखाली येतो...

सगळं झाल्यावर म्हणतो, 'एखादा फोटो लावून बघू.' लावला, दाओनचाच. 'बघा, हा खरा रंग!' बघितला. लालबुंद सफरचंदं. डाव्या हाताला. हिच्या नावासमोर. माझ्या हुकमानं.

सांगायला हवं होतं मुलाला. हो, मान्य! पण थोरला ना मी... आज सांगतो, उद्या सांगतो, करत करत सोल्लाल आला, नवं वर्ष. पुन्हा झगा, पुन्हा टीव्ही. चित्र काय सुरेख! सगळ्यांची कावीळ बरी झालेली. जेसोपचे केस मात्र बरेच पिकलेले दिसले. म्हटलं टीव्हीचं असेल, पण टीव्ही तर आता बरोबर होता. आणि फळांकडे बघतो तर... लाल डावीकडे! खरोखरचं लाल, खरोखरच्या डावीकडे! मी ओरडलो, 'जेसोप, लाल उजवीकडे घे!' तर म्हणतो, 'बाबा, तुमच्या टीव्हीचा रंग पुन्हा गेला वाटतं.' 'अरे गेला नाही, मला लालच दिसतंय!' तर सूनबाई कशी गोड आवाजात, 'बाबा, मागच्या वेळी तुम्हाला पसंत पडली तीच मांडणी आहे, दाओननं फोटो जपून ठेवलाय, त्यावरूनच मांडलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.'

मला बरं वाटावं म्हणून! आता बोला!

बोलणार होतो मी. 'पोरांनो, चूक माझी होती' एवढंच. तोंड उघडलं, तोवर ते पाठ करून उभे राहिले होते आणि वाकायला लागले. तीन पाठी. रंग अगदी अचूक. मग मीही वाकलो, एकटाच, टीव्हीपुढे. आणि तेवढ्यात त्या मागच्या स्पीकरमधून कपड्यांची सळसळ आली... मी मागे वळून बघितलं. अहो, सवय! मी वाकलो की माझ्या मागे सव्वीस माणसं वाकायची. मागे स्पीकर होता.

अकरा मिनिटांत आटपलं. पूर्वी दुपार व्हायची. जाता जाता जेसोप म्हणाला, 'बाबा, गुरुवारी त्या ओ नावाच्या माणसाला पाठवतो पुन्हा, रंग बघून जाईल.' मी टीव्हीकडे बघितलं. लाल लाल होतं, पांढरं पांढरं होतं, कशात काही खोट नव्हती. म्हटलं, 'पाठव बाबा, पाठव. फारच बिघडलाय.'

सफरचंदं आणून ठेवलीत. उजवीकडेच. आणि तुम्ही कुणी जेसोपला बोलू नका हं, रंग बरोबर आहे म्हणून... नाहीतर गुरुवारी कोण येणार?